नवी टाकी, तीच गळती: एका ट्रेनर विमानाचं प्रकरण

ग्लो इंजिनच्या, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनच्या, एका ट्रेनर विमानाची इंधनटाकी गळायला लागली. विमान म्हणजे रेडिओ कंट्रोलवर उडवायचं, शिकाऊ लोकांसाठीचं मॉडेल. मालकानं आधी ती चिकटवून पाहिली, मग नवी घातली. थोड्याच दिवसांत नवीही गळू लागली. "हल्ली मालच असला येतो" असं म्हणत तो तिसरी टाकी आणायच्या बेतात होता, तेव्हा हे विमान माझ्या टेबलावर आलं. टाकी गळणं आमच्या छंदात नेहमीचंच आहे. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथे टाकीचा काही दोष नसताना दोन टाक्या गेल्या होत्या. आणि टाकीखालच्या लाकडाची जी अवस्था झाली होती ती गळतीपेक्षा गंभीर होती, तिकडे मात्र कुणी पाहिलंच नव्हतं.

विमान आणि तक्रार

विमान उंच पंखाचं, बाल्सा आणि प्लायवुडचं. पंखांचा विस्तार साधारण १६० सें.मी. इंजिन ४६ साइजचं, म्हणजे साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक, प्रॉपेलर ११×६. टाकी पॉलिथिलीनची, ३०० मि.लि.च्या आसपास. इंधनात १० टक्के नायट्रोमिथेन, १८ ते २० टक्के तेल आणि बाकी मिथेनॉल. हजारो लोकांनी ज्यावर उडवायला शिकलं तसलं अगदी सरळ विमान.

मालक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना कंट्रोल लाइनची, म्हणजे तारांना बांधून गोल फिरवायची, मॉडेलं उडवलेली, त्यामुळे इंजिनाशी त्याची ओळख होती. हे विमान त्यानं वापरलेलं विकत घेतलं होतं. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत अशी: "काका, जमिनीवर मस्त चालतं. वर गेलं, नाक उचललं, की आवाज चिरका होतो आणि बंद पडतं. नीडल दोन-तीन क्लिक उघडली तर वर टिकतं, पण मग सरळ उडताना घरघरतं. आणि पोटाखाली सारखं ओलं असतं."

नीडल म्हणजे इंजिनाला मिळणारं इंधन कमी-जास्त करणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू. तक्रार इतकी नेमकी असली की अर्धं निदान झाल्यासारखंच असतं. नाक उचलल्यावरच का, हा त्यातला खरा धागा. तो समजायला टाकी कशी काम करते ते पाहावं लागेल.

या टाकीला दोन नळ्या होत्या. एक नळी आत एका लवचिक सिलिकॉन नळीला जोडलेली, आणि तिच्या टोकाला पितळी वजन. त्याला सगळे क्लंक म्हणतात. विमान कलेल तसं इंधन ज्या बाजूला जाईल, क्लंकही त्या बाजूला पडतो आणि नळीचं तोंड इंधनात बुडालेलं राहतं. दुसरी नळी आत टाकीच्या छतापाशी उघडते आणि बाहेर सायलेन्सरच्या निपलला जोडलेली असते. सायलेन्सरमधला थोडासा दाब त्या नळीतून टाकीत येतो आणि इंधन कार्ब्युरेटरकडे ढकलतो. अशा विमानात इंधनपंप नसतो. हा दाब आणि कार्ब्युरेटरची स्वतःची ओढ, एवढ्यावरच सगळं चालतं.

आता टाकीला भोक पडलं तर काय होईल? भोक इंधनाच्या पातळीखाली असेल तर इंधन बाहेर झिरपेल. पातळीच्या वर असेल तर दाब निसटेल, इंधन कमी पडेल आणि इंजिन लीन होईल. पहिली गळती डोळ्यांना दिसते. दुसरी फक्त आवाजातून कळते, आणि तीही विमान वर असताना. टाकीच्या पुढच्या भागात खाली भोक असेल तर एकच भोक दोन्ही प्रकार करतं. विमान सरळ असताना ते इंधनाखाली असतं आणि झिरपतं. नाक वर झालं की इंधन मागे जातं, भोक उघडं पडतं आणि दाब निघून जातो. त्याच्या दोन्ही तक्रारी, वरचा चिरका आवाज आणि खालचं ओलं पोट, इथे एकाच जागी जुळत होत्या. अर्थात हा तर्क झाला. टाकी बाहेर काढून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

तपासणी

पोट ओलं आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. ग्लो विमानाच्या पोटाला तेल लागतंच. इंधनातलं बरंचसं तेल न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि अंगभर पसरतं. त्या तेलाच्या आड टाकीची गळती महिनोन् महिने लपून राहू शकते. फरक ओळखायचा तो रंगावरून आणि जागेवरून. बहुतेक इंधनांना रंग घातलेला असतो, याच्यात गुलाबी होता. सायलेन्सरचं तेल तपकिरी आणि फक्त बाहेरच्या अंगाला असतं. टाकीचा कप्पा मात्र आतून कोरडा ठणठणीत असायला हवा. मी कप्प्यात पांढऱ्या टिश्यूची घडी सरकवली, टाकी भरली आणि विमान तसंच ठेवून दिलं. थोड्या वेळानं घडी काढली तर पुढच्या कडेला गुलाबी डाग होता.

मग इंजिन सुरू करून नाक वर धरण्याची चाचणी घेतली. नीडल बरोबर लावलेली असेल तर नाक वर केल्यावर आवाज किंचित चढतो आणि तिथेच टिकतो. इथे तो चढला, चिरकला आणि खचू लागला. ही चाचणी दोघांनी मिळून करावी. धरणाऱ्यानं प्रॉपेलरच्या मागेच उभं राहावं, बाजूला नाही.

कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीत बारीक बुडबुडेही दिसत होते, आणि ते विमान सरळ असतानाही. हे महत्त्वाचं होतं, कारण भोकाचा तर्क याचं उत्तर देत नव्हता. बुडबुडे दोन कारणांनी येतात: आतल्या नळीला कुठेतरी चीर असते, नाहीतर इंजिनाच्या थरथरीनं टाकीतलं इंधन फेसाळतं. आतल्या नळीची चीर असती तर टाकी भरलेली असेपर्यंत सगळं ठीक चाललं असतं आणि पातळी चिरेच्या खाली उतरल्यावर बुडबुडे सुरू झाले असते. इथे भरलेल्या टाकीतच ते येत होते. म्हणजे फेस. पण टाकीभोवती स्पंज होता. मग थरथर टाकीपर्यंत पोहोचत कशी होती?

टाकी बाहेर काढली. तिच्याखाली बॅटरी स्पंजमध्ये गुंडाळलेली होती, आणि तो स्पंज इंधन पिऊन हाताला जाणवेल इतका जड झाला होता. रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचे संकेत घेणाऱ्या यंत्राला, वीज देणारी बॅटरी, तिचे जोड, तिची वायर, सगळं तेलात. इंजिन बंद पडलं तर विमान घसरत उतरवता येतं. बॅटरी गेली तर विमानावर ताबाच राहत नाही आणि ते कुणाच्याही अंगावर जाऊ शकतं. त्या मुलाला मी सगळ्यात आधी हे दाखवलं. त्याचा चेहरा उतरला, पण समजून घ्यायला ते आवश्यक होतं.

टाकी तपासण्याची रीत साधी आहे. एक नळी बंद करायची, दुसरीतून हवा भरायची आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवायची. बरेच जण तोंडानं फुंकतात. कृपा करून तसं करू नका. वापरलेल्या टाकीत मिथेनॉल राहिलेलं असतं आणि ते जीवघेणं विष आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत १०० हून अधिक माणसं गेली ती याच मिथेनॉलनं. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. मेडिकलच्या दुकानातली मोठी सिरिंज आणली की काम होतं. दाबही हळूहळू वाढवता येतो.

आधी तोंडाच्या रबरी बुचाकडे पाहिलं. संशयाची पहिली जागा तीच: बूच नीट दाबलं गेलेलं नसतं, किंवा मधला स्क्रू जास्त आवळल्यानं टाकीची मान चिरते. तिथे एकही बुडबुडा नव्हता. टाकीच्या शिवणीवरही नव्हता. बुडबुड्यांची माळ निघाली ती पुढच्या अंगाला, खाली उजवीकडून.

टाकी पुसून उजेडात धरली. तिथे मसुराएवढा एक गोल चट्टा होता, घासून गुळगुळीत झालेला. त्याच्या मधोमध चार-पाच मिलिमीटरची बारीक चीर. बोटानं दाबलं की ती उघडायची आणि सोडलं की मिटायची. पॉलिथिलीन आपणहून असं गोल झिजत नाही. काहीतरी टोकदार तिथे घासत होतं.

खरं कारण

फायरवॉल म्हणजे इंजिन आणि टाकी यांच्यामधली प्लायवुडची भिंत. तिच्या पुढच्या बाजूला इंजिनाचा माउंट चार बोल्टांनी बसवतात, आणि मागच्या बाजूला त्या बोल्टांचे नट लाकडात ठोकून बसवलेले असतात. टॉर्च घेऊन कप्प्यात पाहिलं. तीन बोल्ट नटाच्या अगदी थोडे बाहेर होते. चौथा, खालचा उजवा, चांगला बाहेर आलेला आणि टोकाला चकचकीत झालेला. टाकीवरच्या चट्ट्याचं अंतर मोजलं, ते त्या बोल्टाशी तंतोतंत जुळलं.

विचारल्यावर उलगडा झाला. आधीच्या मालकाकडे असताना विमान नाकावर आपटलं होतं आणि माउंट तुटला होता. नवा माउंट नायलॉनचा बसवला, त्याचा तळ जुन्यापेक्षा पातळ. बोल्ट मात्र जुनेच वापरले. पुढून जितकी जाडी कमी झाली तितके बोल्ट मागे सरकले. खालच्या उजव्या बोल्टाखाली वॉशर नव्हता, म्हणून तो सगळ्यात जास्त मागे, टाकीकडे घुसला. टाकी आणि फायरवॉल यांच्यामध्ये स्पंज होता, पण पातळ, आणि बोल्टानं तो कधीच भोसकला होता.

बुडबुड्यांचं कोडंही इथेच सुटलं. इंजिनाची थरथर थेट बोल्टातून टाकीत उतरत होती. भोवती कितीही स्पंज असला तरी एका जागी धातू टाकीला टेकला की स्पंजाचा उपयोग संपला. इंधन फेसाळायचं आणि हवा कार्ब्युरेटरपर्यंत जायची. आणि इंजिन नाक वर केल्यावरच का खचायचं, यात मला आणखी एक गोष्ट दिसते: विमान सरळ असताना बोल्टाचं टोक त्या चिरेवर दाबून राहत होतं, म्हणजे गळती बरीचशी तोच अडवून धरत होता. नाक वर झालं की भरलेली टाकी आपल्या वजनानं मागे सरकायची आणि चीर मोकळी व्हायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, खुणांवरून बांधलेलं आहे. पण खुणा स्पष्ट होत्या.

मी त्याला पहिली टाकी शोधून आणायला सांगितलं. ती त्यानं टाकली नव्हती. इपॉक्सीचा खपला नखानं उचलला तर अख्खा निघाला, आणि खाली त्याच जागी तसाच गोल चट्टा.

चिकटवायचं की बदलायचं

टाकी चिकटवता येईल का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्यात मी सवलत देत नाही. पॉलिथिलीनचा पृष्ठभाग असा असतो की त्यावर गोंद पसरतच नाही, मग पकड घेणं दूर. इपॉक्सी, इन्स्टंट ग्लू, काहीही लावा, ते वर बसतं, धरत नाही. त्यात टाकी दाबानं आणि थरथरीनं सतत हलते, आणि कडक झालेला खपला सुटतो. पहिल्या टाकीचं नेमकं हेच झालं होतं.

तापवून वितळवण्याचा मार्ग पॉलिथिलीनला लागू पडतो हे खरं. पण या टाकीची भिंत पातळ असते. सोल्डरिंग आयर्न लावली की चीर बुजताना शेजारी नवी पातळ जागा तयार होते. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट ११ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर, वापरलेल्या टाकीतली वाफ पेट घ्यायला तयारच असते. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी हा धोका का पत्करायचा? टाकी बदलावी. बूच, नळ्या, क्लंक यातलं जे झिजलं असेल तेही त्याच वेळी बदलावं.

लाकूड

टाकी बदलायला एक संध्याकाळ लागते. लाकडाला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि लोक नेमके तिथेच घाई करतात.

सांडलेल्या इंधनातलं मिथेनॉल उडून जातं. तेल राहतं. ते बाल्सात शिरतं, प्लायच्या थरांच्या कडांतून आत जातं आणि गोंदाच्या सांध्यांत मुरतं. तेलकट लाकडावर नवा गोंद बसत नाही आणि जुन्या सांध्याची पकड हळूहळू ढिली होते. या विमानाचा कप्पा आतून काळपट झाला होता. फायरवॉलला मागून अंगठ्यानं दाबलं तर खालच्या सांध्यातून तेलाची ओळ बाहेर आली. ज्या भिंतीवर इंजिन लटकलेलं आहे तिचाच सांधा सुटायला लागला होता. तिसरी टाकी घालून हे विमान पुन्हा उडवलं असतं तर काही दिवसांनी इंजिन माउंटसकट हवेत निखळलं असतं.

तेल काढायला आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉर्नफ्लॉवर वापरलं. आधी अल्कोहोलात भिजवलेल्या कागदी नॅपकिननं जितकं निघेल तितकं टिपून घेतलं. मग दोन्हींची सरसरीत पेस्ट करून आतून जाड थापली. अल्कोहोल आतल्या तेलाला पातळ करून वर आणतं आणि पीठ ते शोषतं. वाळल्यावर पीठ पिवळसर होतं. ते ब्रशनं झाडायचं आणि पुन्हा नवं थापायचं. झाडलेलं पीठ पांढरं निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. हे काम त्या मुलानंच केलं, आणि मन लावून केलं. मध्येच त्यानं विचारलं, "काका, आता बास का?" मी त्याला टिश्यू दाबून पाहायला सांगितलं. टिश्यूवर डाग आला, आणि त्यानं न बोलता पुन्हा पेस्ट कालवली.

लाकूड कोरडं झाल्यावर फायरवॉलचा सांधा खरवडून घेतला. बाजूच्या भिंतीतून फायरवॉलच्या कडेत बारीक छिद्रं पाडून बांबूच्या काड्या इपॉक्सीत बुडवून ठोकल्या, म्हणजे भार नुसत्या गोंदावर राहत नाही. आतल्या कोपऱ्यांत बाल्साच्या त्रिकोणी पट्ट्या बसवल्या. इपॉक्सी ३० मिनिटांचं वापरलं; ५ मिनिटांचं अशा जागी वापरू नये, ते लाकडात मुरायच्या आत घट्ट होतं. शेवटी इपॉक्सी थोडं अल्कोहोलनं पातळ करून अख्खा कप्पा आतून रंगवला. नटांभोवती आणि नळ्यांच्या भोकांच्या कडांना विशेष, कारण तेल तिथूनच आत घुसतं.

जुळणी

बोल्ट कापत बसलो नाही. नटाशी बरोबर येतील असे आखूड बोल्ट आणले आणि चारींखाली वॉशर घातले. फायरवॉल आणि टाकी यांच्यामध्ये आता ६ मि.मी.चा मऊ स्पंज आहे, आणि तो दाबून चपटा केलेला नाही. कोंबून बसवलेला स्पंज थरथर अडवत नाही, पोहोचवतो.

नव्या टाकीच्या पितळी नळ्या कापल्यावर टोकाची धार कानसीनं काढली. कापलेल्या पितळेची कडा सिलिकॉनला आतून चिरते. क्लंकची नळी अशा लांबीची ठेवली की टाकी उभी धरली तर क्लंक मागच्या भिंतीपासून ६ ते ८ मि.मी. दूर राहावा आणि टाकी हलवली की खुळखुळ वाजावा. नळी लांब झाली तर क्लंक भिंतीला चिकटून इंधन अडतं. आपटलेल्या विमानात कधीकधी क्लंक उडून पुढे अडकलेला असतो, तोही नाक वर केल्यावर इंजिन बंद पाडतो. म्हणून खुळखुळ ऐकणं कुठल्याही आपटीनंतर करावं. बुचाचा स्क्रू रबर जरासं फुगेल इतकाच आवळला. टाकीची मधली उंची कार्ब्युरेटरच्या जेटच्या रेषेपेक्षा किंचित खाली ठेवली.

त्याला तिसरी नळी घालायची होती, इंधन भरायला सोपी जाते म्हणून. मी दोनच ठेवायला लावल्या. बुचातलं प्रत्येक भोक ही गळतीची एक जागा असते, आणि इंधन कार्ब्युरेटरच्या नळीतूनही आरामात भरता येतं. इथे मतभेद असू शकतो. पेट्रोल इंजिनवाल्यांसाठी एवढं सांगतो की यातलं रबरी बूच आणि सिलिकॉन नळी तुम्हाला चालणार नाही. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं आणि निसटतं. पेट्रोलसाठीच बनवलेलं बूच आणि नळी घ्या.

बॅटरी नवी घेतली आणि टाकीखालून काढून मागे सर्व्होंच्या, म्हणजे विमानाची नियंत्रणं हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या, कप्प्यापुढे नेली. त्यामुळे समतोलाचा बिंदू मागे सरकला, म्हणून नाकात थोडं शिसं घालावं लागलं. ते वजन वाढलं तरी मला मान्य आहे.

पुन्हा मैदानावर

नीडल पहिल्यापासून लावली, कारण गळतीवर उपाय म्हणून ती उघडून ठेवलेली होती. पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम सगळ्यात वर जाईपर्यंत बंद केली आणि मग २००–३०० आरपीएम उतरतील इतकी उघडली. नाक वर धरलं. आवाज किंचित चढला आणि तिथेच राहिला. नळीत बुडबुडा नव्हता.

पहिल्या उड्डाणात त्यानं चढ घेतला, मुद्दाम लांबवला, आणि इंजिन एका सुरात चालत राहिलं. खाली उतरल्यावर त्यानं आधी कप्प्यातली टिश्यू काढून पाहिली. कोरडी होती.

काही उड्डाणांनंतर मात्र टिश्यूवर एक पुसटसा गुलाबी डाग आला. तो घाबरून फोनवर म्हणाला, "काका, परत तेच!" डाग कुठे आहे ते विचारलं. मध्यभागी, बुचाच्या खाली. नवं रबर सुरुवातीला दबून बसतं आणि स्क्रू थोडा सैल पडतो. अर्धा फेरा आवळायला सांगितलं. त्यानंतर डाग आलेला नाही, आणि टिश्यूची घडी त्यानं कप्प्यातच ठेवली आहे. दर वेळी उडवून झाल्यावर टाकी रिकामी करताना तो ती पाहतो.